मोजपट्टी घेऊन निघा: जाड माणसाचा विमानप्रवास आणि थीम पार्क

माझं वजन ११८ किलो, उंची पाच फूट तीन इंच. फोंडा-पणजी मिनीबसच्या दोघांच्या बाकावर मी बसले की शेजारी दीड वीत जागा उरते, आणि त्या दीड वितीवर कंडक्टर आणखी एक माणूस बसवतोच. त्यामुळे अरुंद खुर्चीची मला सवय आहे. तरीही दोन वर्षांपूर्वी भाच्याला घेऊन एका मोठ्या पार्कात गेले तेव्हा फजिती व्हायची ती झालीच. पन्नास मिनिटं रांगेत उभी राहून राइडवर बसले. खांद्यांवरून खाली येणारा हार्नेस पोटाशी अडला. दोन पोरांनी मिळून दाबला, तरी लॉक लागेना. शेवटी सगळ्या गाडीसमोर मला उतरवलं, आणि भाचा एकटाच गेला.

बाहेर आल्यावर कळलं, राइडच्या दारातच अगदी तशीच एक खुर्ची ठेवलेली होती, बसून बघण्यासाठी. आम्ही ती शोभेची समजलो होतो. भाच्याने तिच्यावर बसून फोटोसुद्धा काढला होता!

त्या दिवसापासून मी निघण्याआधी मोजते आणि विचारते. गोव्यातून विमानाने जाऊन पार्क बघायचं असेल तर काय काय मोजायचं, कुणाला विचारायचं, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी घरी: चार मापं

वजनकाट्याचा उपयोग फक्त काही ठिकाणी होतो: पाण्याच्या घसरगुंड्या, पॅरासेलिंग, बंजी. खुर्ची आणि हार्नेस यांना किलोशी देणंघेणं नसतं, त्यांना आकार कळतो. ११८ किलोचा सहा फुटी माणूस जिथे आरामात मावतो तिथे मी अडकते, कारण माझं सगळं वजन पोटात आणि मांड्यांत आहे.

शिवणकामाची टेप घ्या आणि एक कडक स्टूल.

पहिलं माप बसल्यावरच्या रुंदीचं. स्टूल भिंतीला लावा आणि एक कूस भिंतीला चिकटेल असं बसा. दुसऱ्या बाजूला एक जाड पुस्तक उभं टेकवून भिंत ते पुस्तक अंतर मोजा. उभं राहून मोजलं तर फसाल, कारण बसल्यावर आपण पसरतो. पुरुषांनी खांदे पण मोजावेत. विमानात शेजाऱ्याशी भांडण बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतं.

दुसरं, पोटाची खोली. आता पाठ भिंतीला पूर्ण टेकवा, पुस्तक पोटासमोर धरा आणि मोजा. विमानातला ट्रे उघडेल का, खांद्यावरचा हार्नेस बसेल का, हे या आकड्यावर ठरतं.

तिसरं, स्टुलापासून मांडीच्या वरच्या टोकापर्यंतची जाडी. मांडीवर दांडी येते त्या राइडसाठी.

चौथं, बसल्या बसल्या एका कमरेच्या हाडापासून पोटाखालून दुसऱ्या हाडापर्यंत टेप फिरवा. हे पट्ट्याचं माप.

चारही आकडे फोनमध्ये लिहून ठेवा. माझी रुंदी साडेएकोणीस इंच येते, आणि तोच आकडा घेऊन आता तिकिटाकडे जाऊ.

तिकीट काढताना विमान कुठलं ते बघा

आपण भाडं बघतो, वेळ बघतो, विमान बघत नाही. एअरबस ए-३२० आणि ए-३२१ यांचा केबिन आतून सुमारे ३.७० मीटर रुंद असतो, बोइंग ७३७ चा सुमारे ३.५३ मीटर. दोन्हींत एका ओळीत तीन-तीन मिळून सहा खुर्च्या. हिशोब सरळ आहे: एअरबसमध्ये खुर्ची साधारण १८ इंचांची पडते, बोइंगमध्ये १७. आपल्यासारख्याला हा एक इंच म्हणजे दोन्ही हात समोर घट्ट आवळून बसणं आणि हात मांडीवर ठेवून बसणं यातला फरक आहे. इंडिगोची मोठी विमानं बहुतेक एअरबसची आहेत, आकासा एअर बोइंग ७३७ वापरते, आणि एअर इंडिया एक्स्प्रेसकडे दोन्ही आहेत. बुकिंगच्या पानावर फ्लाइटच्या तपशिलात विमानाचा प्रकार लिहिलेला असतो. दोन फ्लाइटच्या भाड्यात शंभर-दोनशेचाच फरक असेल तर मी एअरबस घेते.

तिसरा प्रकार म्हणजे एटीआर-७२, पंख्याचं छोटं विमान. आपल्या मोपा विमानतळावरून मार्च २०२४ पासून उडणारी फ्लाय-९१ हीच विमानं वापरते. लोक नाक मुरडतात, मला मात्र एटीआर आवडतं. दोन-दोन खुर्च्यांची रचना, त्यामुळे मधली खुर्ची हा प्रकारच नाही. चढायचं मागच्या दाराने, पायऱ्या थोड्याच, पण अरुंद. वरचे कप्पे लहान असतात, म्हणून मोठी बॅग चेक-इन करून टाका. आणि एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी: विमान अर्धं रिकामं असेल तर समतोलासाठी हवाई सुंदरी काही जणांना पुढच्या-मागच्या ओळीत बसायला सांगते. ते सगळ्यांनाच सांगतात. पहिल्यांदा मला सांगितलं तेव्हा मी उगाच लाजून लाल झाले होते, आणि माझ्यासोबत उठलेला माणूस पन्नास किलोचा तरी असेल का कोण जाणे.

तिकिटावर विमानतळ कुठला तेही दोनदा वाचा. दाबोळी आणि मोपा ही गोव्याची दोन टोकं आहेत. जानेवारी २०२३ मध्ये मोपा सुरू झाल्यापासून चुकीच्या विमानतळावर पोचलेले दोन नातेवाईक माझ्याच घरात आहेत. घाईत पळत सुटणं आपल्या गुडघ्यांना परवडणारं नाही.

कुठली खुर्ची घ्यायची

पाय पसरायला जागा म्हणून सगळे पहिली ओळ किंवा आपत्कालीन दाराची ओळ सुचवतात. आपल्यासाठी हा सल्ला उलटा पडतो. पहिल्या ओळीत समोर खुर्ची नसल्यामुळे ट्रे हाताच्या दांडीतच दुमडून ठेवलेला असतो. त्यामुळे दांडी जाड असते, बाजू बंद असते आणि दांडी वर होत नाही. जास्तीचे पैसे भरून कमी रुंदी विकत घेतल्यासारखं होतं. आपत्कालीन दाराशी तर एक्स्टेंशन बेल्ट लागणाऱ्या प्रवाशाला बसू देत नाहीत. शेवटच्या ओळीत खुर्ची बऱ्याचदा मागे जात नाही आणि संडासाची रांग कानाशी येते.

माझी पसंती खिडकीला. शरीराचा एक भाग भिंतीकडे कलवता येतो, ट्रॉली खांद्याला लागत नाही. गल्लीच्या बाजूला बसलात तर प्रत्येक येणारा-जाणारा तुमच्या दंडाला घासून जाणार. पण गुडघे दुखत असतील, सारखं उठावं लागत असेल, तर गल्लीच बरी. तिथल्या बाहेरच्या दांडीखाली, बिजागराजवळ, पुष्कळ विमानांत एक छोटं बटण किंवा खटका असतो; तो दाबला की दांडी वर होते. बोटांनी चाचपून बघा, सापडला नाही तर हवाई सुंदरीला विचारा. उड्डाण आणि उतरताना मात्र सगळ्या दांड्या खाली ठेवायला सांगतात.

घरचं कुणी सोबत असेल तर आणखी सोपं. मी खिडकीशी, मध्ये भाचा. मधली दांडी वर. बारीक भाचा म्हणजे देवाने दिलेली अर्धी सीट आहे, दहावीपर्यंत वापरून घ्या.

दुसरी सीट विकत घ्यावी का

माझा नियम असा: रुंदी १८ इंचांच्या आत असेल तर गरज नाही. १८ ते २० असेल आणि सोबत घरचा माणूस असेल तर नको, एकटे असाल आणि प्रवास दोन तासांहून मोठा असेल तर विचार करा. वीसच्या वर असेल तर सरळ घ्या, शेजारी कोण येईल या धास्तीत प्रवास करण्यापेक्षा ते पैसे सत्कारणी लागतात.

कॅनडात २००८ साली तिथल्या वाहतूक प्राधिकरणाने एअर कॅनडा आणि वेस्टजेटला देशांतर्गत प्रवासासाठी 'एक माणूस, एक भाडं' असा आदेश दिला. स्थूलतेमुळे ज्यांना अपंगत्व आलं आहे त्यांना तिथे दुसऱ्या सीटचे पैसे पडत नाहीत. आपल्याकडे असलं काही नाही, पैसे मोजावे लागतात. पण सोय आहे. इंडिगोने जुलै २०२० मध्ये, कोविडच्या दिवसांत, एका प्रवाशाला दोन सीट घेण्याची सोय आणली. इतर कंपन्यांना फोन करून विचारा.

फोनवर "दोन तिकिटं हवीत" म्हणू नका, "एकाच प्रवाशासाठी एक्स्ट्रा सीट" म्हणा. तिकिटावर त्या सीटच्या नावापुढे ईएक्सएसटी अशी अक्षरं येतात, जगभर हाच कोड आहे. बुकिंग कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून किंवा फोनवरून करा. स्वस्तातल्या पोर्टलवर स्वतःचंच नाव दोनदा टाकलंत तर मशीन ती चूक समजण्याची शक्यता असते. नंतर काउंटरवर जाऊन तीन गोष्टी बघा: बोर्डिंग पास दोन आहेत, सीट शेजारी-शेजारी आहेत, आणि दाराशी दोन्ही स्कॅन झाले आहेत. एक पास स्कॅन झाला नाही तर यंत्राच्या लेखी ती सीट रिकामी, आणि तिच्यावर शेवटच्या मिनिटाला कुणीतरी येऊन बसतो. माझ्या बाबतीत एकदा असं झालं. मी निमूट राहिले, तीन हजार रुपये पाण्यात गेले. आता मी आत शिरतानाच हवाई सुंदरीला दोन्ही पास दाखवते.

पट्टा

सगळ्यात जास्त भीती लोकांना याचीच वाटते, आणि सगळ्यात सोपी गोष्ट हीच आहे. एक्स्टेंशन बेल्ट विमानात असतो आणि फुकट मिळतो. दारातून आत जाताना, नमस्कार करणाऱ्या मुलीला हळूच सांगायचं, "एक एक्स्टेंशन बेल्ट लागेल, बारा ए." ती घडी करून हातात आणून देते. बसल्यावर वरचं बटण दाबून बोलावलंत तर तीन ओळी वळून बघतात, म्हणून दारातच. लहान बाळाला आईच्या पट्ट्याला जोडतात तो वेगळा असतो, नवख्या कर्मचाऱ्याने चुकून तो आणला तर बदलून मागा.

ऑनलाइन मिळणारा स्वतःचा एक्स्टेंशन विकत घेऊ नका. कंपन्या तो सहसा लावू देत नाहीत, आणि बक्कल विमानागणिक वेगळं असतं. पट्ट्याची लांबीही सारखी नसते: जाताना नुसता पट्टा पुरला आणि येताना त्याच कंपनीच्या विमानात चार बोटं कमी पडला, असं माझं झालेलं आहे. म्हणून जाताना पुरला तरी येताना पुरेलच असं धरू नका. पट्टा पोटाच्या वर नाही, पोटाखाली, कमरेच्या हाडांवर. आणि घाबरून पट्टा न लावता ओढणी वर टाकून बसणं, हे मी पूर्वी केलं आहे, तुम्ही करू नका. विमान हवेच्या खड्ड्यात गेलं की माणूस छतावर आपटतो.

बसल्यावर

चढायच्या आधी विमानतळावरचं स्वच्छतागृह वापरून घ्या. विमानातल्या संडासात आपण वळू शकत नाही हो. शिरायचं कसं ते दार उघडताना ठरवावं लागतं. मी पाठमोरी शिरते. गल्ली साधारण १९-२० इंचांची, तेव्हा खुर्च्यांमधून आडवं चालायचं, बॅग समोर धरून. लवकर चढू देण्याची विनंती काउंटरवर केली तर बहुतेक वेळा मान्य होते, आणि खिडकीशी जायला कुणाला उठवावं लागत नाही. चालणं किंवा जिने चढणं अवघड असेल तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पार्कात दिवसभर चालायचंय, गुडघे तिथे खर्च करा.

ट्रे पोटावर तिरका राहत असेल तर जेवण मागवूच नका. मी घरून पोळीची गुंडाळी नेते, हातात धरून खाता येते. झोपेत श्वास अडकतो म्हणून सीपॅप मशीन वापरत असाल तर ते हातातल्या सामानातच ठेवा आणि कंपनीला आधी कळवा.

गोवा-बंगळुरू किंवा गोवा-मुंबई सव्वा तासाच्या आसपास, तिथे पायात रक्त गोठण्याची चिंता करत बसू नका. दुबईच्या पलीकडे कुठे जात असाल तर मात्र करा. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली जाहीर केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून जास्त वेळ बसून प्रवास केला तर हा धोका साधारण दुप्पट होतो. तरीही तो साधारण ६००० प्रवाशांत एकाला, पण स्थूल माणसाला इतरांपेक्षा जास्त. तासातासाला उठा, पावलं वरखाली करा, आणि घट्ट मोजे घालायचे का ते आपल्या डॉक्टरला विचारूनच ठरवा.

विमान नकोच असेल तर

खोपोलीच्या इमॅजिका पार्कला जायचं तर मी विमान घेतच नाही. मुंबई विमानतळावर उतरून परत उलटं यायचं कशाला? मडगाव-मुंबई वंदे भारत, जून २०२३ पासून सुरू झालेली, थिवीला थांबते आणि पनवेललाही. पनवेलहून खोपोली गाडीने. साध्या डब्यात एका बाजूला तीन आणि एका बाजूला दोन खुर्च्या आहेत, एक्झिक्युटिव्हमध्ये दोन-दोन. एक्झिक्युटिव्हचं भाडं विमानाच्या दुसऱ्या सीटपेक्षा कमी पडू शकतं, हिशोब करून बघा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, तेवढं तपासा.

बंगळुरूच्या वंडरला पार्कला जायला रात्रीची वास्को-यशवंतपूर गाडी आहे. खालचा बर्थ मिळाला तरच. विमानाने गेलात तर लक्षात घ्या, विमानतळ देवनहळ्ळीला शहराच्या उत्तरेला आणि पार्क बिडदीला म्हैसूर रस्त्यावर. मध्ये अख्खं बंगळुरू आडवं येतं. सकाळी उतरून थेट पार्क गाठायचा बेत करू नका. आदल्या रात्री बिडदीच्या बाजूला मुक्काम करा.

रंगीत तालीम

हजारो रुपये घालून बाहेर जाण्याआधी एकदा घराजवळ करून बघा. हणजूणचं स्प्लॅशडाउन वॉटरपार्क त्यासाठी बरं. तिथे तुम्हाला स्वतःबद्दल तीन गोष्टी कळतात: ओल्या कपड्यात किती वेळ चालवतं, जिने किती चढवतात, आणि ट्यूबमधून बाहेर येता येतं की नाही. मला येत नव्हतं. ट्यूबमध्ये बसायला काही लागत नाही, उठताना मात्र कासव उलटं पडल्यासारखं होतं. युक्ती अशी: उठायचा प्रयत्न करायचाच नाही. उथळ पाण्यात कुशीवर वळून ट्यूबमधून पाण्यात घसरायचं, गुडघ्यांवर यायचं, मग उभं राहायचं. जीवरक्षकाला हात मागा, त्याचं ते रोजचं काम आहे.

कळंगुट-बागाच्या किनाऱ्यावर पॅरासेलिंगवाले तोंडाने "चलता है" म्हणतात. तुम्ही वजन खरं सांगा आणि कमाल मर्यादा किती ते विचारा. आकडा सांगता येत नसेल तर तिथे बसू नका.

राइड: चढण्याआधी

पार्कच्या वेबसाइटवर प्रत्येक राइडचे नियम असतात. त्यात उंची ठळक लिहिलेली असते. वजन किंवा 'शरीराचा आकार' हे शब्द खाली बारीक टाइपात. तेच वाचायचं. शंका असली तर पार्कला ईमेल करा, चारही मापं लिहा. फोनवर "हो हो मॅडम, सगळे बसतात" असं उत्तर मिळतं, लेखी विचारलं की कुणीतरी जाऊन बघतं.

पोचल्यावर रांगेत उभं राहायच्या आधी राइडच्या दाराशी चाचणीची खुर्ची आहे का ते शोधा. परदेशातल्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या पार्कांत अशा खुर्च्या मोठ्या राइडबाहेर दिसतात. नसेल तर तिथल्या माणसाला विचारा, "गाडी रिकामी आली की एकदा बसून बघू का?" गर्दी नसलेल्या दिवशी, पार्क उघडल्या उघडल्या, पुष्कळदा हो म्हणतात. काही रोलर कोस्टरमध्ये ठरावीक ओळींत जास्त मापाच्या लोकांसाठी थोड्या वेगळ्या खुर्च्या असतात, दुहेरी पट्ट्याच्या. कुठली ओळ ते विचारून त्याच ओळीसाठी थांबा.

बसायची पण एक रीत आहे. पार्श्वभाग मागे पूर्ण सरकवा, पाठ ताठ करा, मांड्या थोड्या सैल सोडा, खिशातला फोन-पाकीट काढून टाका, आणि मगच हार्नेस खाली ओढा. पुढे सरकून बसलं की पोट वर येतं आणि दोन इंच तिथेच जातात. मांडीवरच्या दांडीला मांड्या नडतात, खांद्यावरच्या हार्नेसला पोट आणि छाती. त्यामुळे एका राइडवर बसता आलं म्हणून दुसरीवर येईलच असं नाही, आणि एका ठिकाणी परत पाठवलं म्हणून सगळा दिवस फुकट गेला असंही नाही.

लॉक लागला नाही तर उतरा. ऑपरेटरला गळ घालू नका, "एकदा जोर लावा ना" म्हणू नका. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत ऑरलँडोला उंचावरून खाली सोडणाऱ्या एका राइडवरून १४ वर्षांचा मुलगा पडून मरण पावला. त्या राइडची मर्यादा २८७ पौंड, म्हणजे सुमारे १३० किलो होती. मुलगा त्याहून बराच जड होता, आणि त्याच्या खुर्चीचा सेन्सर असा बदललेला होता की हार्नेस आणि खुर्ची यांत जास्त फट असूनही यंत्राने राइड सुरू होऊ दिली. ती राइड पुढे पाडून टाकली. हे वाचल्यापासून मला परत पाठवणाऱ्या पोरांचा राग येत नाही.

आणखी एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. जिथे दोघांना मिळून एकच दांडी असते, तिथे ती आपल्या पोटाशी थांबते आणि शेजारच्या मुलाच्या मांडीवर वीतभर फट राहते. पोर मोकळंच. अशा राइडवर मुलाला त्याच्या मापाच्या माणसाशेजारी बसवा, आपण दुसरीकडे बसा. जत्रेतल्या पाळण्यालाही हेच लागू, तिथे तर एकच साखळी असते.

पाण्यात

घसरगुंड्यांना किलोची मर्यादा खरोखर असते, कारण जड माणूस जास्त वेगाने येतो आणि वळणावर वर फेकला जातो. दोघांच्या ट्यूबला दोघांचं मिळून वजन धरतात. पाटी जिन्याच्या तळाशी असते. वाचूनच चढा. शंभर पायऱ्या चढून परत उतरणं, तेही ओलं अंग आणि वर उभ्या असलेल्या पोरांची रांग चिरत, हा अनुभव एकदाच पुरतो.

बहुतेक पार्कांत सुती कपडे चालत नाहीत, नायलॉन किंवा लायक्राच लागतो. भाड्याने मिळणारे पोशाख आपल्या मापाचे नसतातच असं समजा आणि घरून न्या: गुडघ्याखाली येणारी लायक्राची लेगिंग आणि वर लांब बाह्यांचा टॉप. दोन जोड न्या, याचं कारण पुढे येतंय.

मांड्या

जाड माणसाचा पार्कातला दिवस राइड खराब करत नाही, मांड्या करतात. ओलं कापड, घाम, मीठ आणि दिवसभर चालणं. दुपारी तीनला मांड्यांची आतली कातडी सोलवटते, आणि मग बाकावर बसून इतरांच्या पिशव्या सांभाळायच्या.

सकाळी अंग कोरडं करून मांड्यांच्या आत, काखेत, पोटाच्या घडीखाली व्हॅसलिन लावा. भरपूर. खोबरेल तेल मी वापरून बघितलं, पाण्यात तासाभरात जातं. कोरड्या राइडच्या वेळी आत सायकलिंगची शॉर्ट घाला, सुती नको, घाम धरून ठेवते. पाण्यातून बाहेर आलात की ओल्या लेगिंगवर जेवायला बसू नका. दुसरा जोड इथे लागतो. पुसा, घड्यांमध्ये टॉवेल टिपा, पुन्हा लावा. घडीतली ओल दिवसभर राहिली तर दोन दिवसांनी खाज सुरू होते आणि आपल्या दमट हवेत ती महिनाभर जात नाही.

चपला नव्या नकोत. संध्याकाळी पाय सुजतात, म्हणून अर्धा नंबर सैल बूट. माझ्या फोनने त्या दिवशी सतरा हजार पावलं मोजली होती. मी फोंड्यात आठवड्याला तेवढी चालत नाही. निघण्याच्या महिनाभर आधीपासून रोज थोडं चाला, आणि पार्कात दर दोन तासांनी वीस मिनिटं बसाच, दुखत नसलं तरी. मे महिना टाळा. नाताळ आणि कार्निव्हलच्या दिवसांत गोव्याची विमानं महाग, दुसरी सीट परवडणार नाही.

लोक

बघतात. खुसपुसतात. विमानात शेजाऱ्याने नाक मुरडण्याआधी मी स्वतःच सांगते, "मी थोडी खिडकीकडे सरकते, तुम्ही दांडी खाली ठेवा." बहुतेक माणसं विरघळतात. जो विरघळत नाही त्याच्यासाठी हेडफोन.

घरी आलात की विसरायच्या आत लिहून ठेवा. माझ्या वहीतलं गेल्या फेरीचं पान असं आहे: "ए-३२०, बारा ए, पट्टा दोन बोटं कमी, एक्स्टेंशन मागितला, लगेच दिला. येताना बोइंग, उजवा दंड दुखला. लाकडी होडीची राइड बसते. उलटी फिरणारी बसत नाही, दारातच बघितली, रांग वाचली. आळशी नदी (ट्यूबमध्ये बसून संथ वाहत जायचं ते पाणी) दोनदा. भाचा उंच व्हायला लागलाय, पुढच्या वर्षी मधल्या सीटला कोण?"